मशीन फेल, बिल कुणाचं?

गेल्या रविवारी वसईतल्या एका मॉलमध्ये गेले होते. दारात मेटल डिटेक्टरची चौकट. माझ्या पुढच्या काकू आत गेल्या, चौकट वाजली. मी गेले, वाजली. मागचा पोरगा हेल्मेट हातात घेऊन आला, तरी वाजली. बाजूच्या स्टुलावर बसलेले सिक्युरिटीवाले काका हातानेच सगळ्यांना 'जा, जा' करत होते. न राहवून विचारलं, "काका, ही सगळ्यांनाच वाजते का?" काका शांतपणे म्हणाले, "चालू असली की वाजते."

हसले आणि आत गेले. असा प्रसंग तुम्हीही पाहिला असेल, आणि माझ्यासारखेच हसून पुढे गेला असाल. पण जरा थांबून बघा. ती चौकट कुणीतरी विकली आहे, कुणीतरी विकत घेतली आहे. उद्या तिच्यातून एखादा माणूस खरंच काहीतरी भयंकर घेऊन आत गेला, तर? गुन्हेगार तोच, यात वाद नाही. पण 'मी धोका ओळखते' असं सांगून जी वस्तू विकली गेली, तिच्या विक्रेत्याची काही जबाबदारी? आणि असेल, तर भरपाईचे पैसे येणार कुठून?

इंटर्नशिपच्या पहिल्याच आठवड्यात डेस्कवर एक गोष्ट शिकवली गेली. कोण, काय, कुठे, कधी हे सगळं विचारून झालं की आणखी एक प्रश्न विचारायचा: पैसे कुणाचे? आजचा लेख त्या एका प्रश्नाचा आहे.

बाबांचा पास

विषय लांबचा वाटत असेल तर आपल्या लाइनवर या. ११ जुलै २००६, मंगळवार. संध्याकाळी साडेसहाच्या आसपास पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये अवघ्या ११ मिनिटांत सात स्फोट झाले. सगळे फर्स्ट क्लासच्या डब्यांत. माटुंगा, माहीम, वांद्रे, खार, जोगेश्वरी, बोरिवली, आणि आपल्याला सगळ्यांत जवळचा म्हणजे मीरा रोड-भाईंदरच्या मधला. १८०हून जास्त माणसं गेली, ८००हून जास्त जखमी झाली. ऑफिस सुटल्यावर घरी परतणारी माणसं होती ती. यंदा त्या संध्याकाळला २० वर्षं होतायत.

मी तेव्हा दोन वर्षांची. बाबा मागच्या एका गाडीत होते. रुळांवरून चालत, मग मिळेल त्या टेम्पोने, मध्यरात्र उलटल्यावर घरी पोचले. तेव्हापासून त्यांना एक सवय लागली आहे. पास पाकिटात ठेवत नाहीत. शर्टाच्या वरच्या खिशात, प्लास्टिकच्या कव्हरमध्ये. "काही झालं तर आधी हाच शोधतात," म्हणतात. मला वाटायचं, ओळख पटावी म्हणून. हा लेख लिहायला घेतला तेव्हा कळलं की त्या पासात त्याहून बरंच काही आहे.

१९८९च्या रेल्वे कायद्यात १२४-अ नावाचं कलम आहे. गाडीत किंवा स्टेशनच्या आवारात दहशतवादी कृत्य झालं आणि त्यात प्रवासी गेला किंवा जखमी झाला, तर रेल्वेने भरपाई द्यायची. रेल्वेची चूक होती की नव्हती, हे सिद्ध करायची गरज नाही. १ जानेवारी २०१७पासून मृत्यूसाठी ही रक्कम ८ लाख रुपये आहे, आधी ती ४ लाख होती. अर्ज रेल्वे दावा न्यायाधिकरणाकडे, साधारण एका वर्षाच्या आत करायचा. आणि अट काय, तर तुम्ही वैध तिकीट किंवा पास असलेले प्रवासी हवेत. मृतदेहाजवळ तिकीट सापडलं नाही एवढ्यावरून दावा फेटाळता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८च्या रीना देवी प्रकरणात सांगितलंय. पण मग नातेवाइकांना प्रतिज्ञापत्र आणि बाकीचे पुरावे जमवत बसावं लागतं. म्हणजे बाबांचा वरचा खिसा बरोबरच होता.

हे कलम का महत्त्वाचं आहे, ते त्या स्फोटांच्या खटल्याकडे पाहिलं की कळतं. २०१५मध्ये विशेष न्यायालयाने १२ जणांना दोषी ठरवलं. २१ जुलै २०२५ला मुंबई उच्च न्यायालयाने त्या १२ही जणांची निर्दोष मुक्तता केली. तीन दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हा निकाल तूर्त दुसऱ्या खटल्यांत दाखला म्हणून वापरता येणार नाही. म्हणजे १९ वर्षांनंतरही 'कुणी केलं' याचं पक्कं उत्तर आपल्याकडे नव्हतं. भरपाई गुन्हेगार सापडेपर्यंत थांबली असती, तर तेव्हा शाळेत असलेली मुलं आज स्वतः आईबाप होऊनही वाटच बघत बसली असती.

आता डेस्कचा प्रश्न विचारू. हे ८ लाख कुणाचे? रेल्वेचे. म्हणजे सरकारचे, म्हणजे फिरून आपलेच. स्टेशनात बॅग तपासणारं मशीन, कॅमेरा, चौकट विकणाऱ्याचं नाव या सगळ्या हिशोबात कुठेच येत नाही.

अमेरिकेने केलेला सौदा

हाच प्रश्न अमेरिकेला ११ सप्टेंबर २००१नंतर पडला. तिथे कुणीही कुणावरही खटला भरतं आणि भरपाईचे आकडे डोळे पांढरे करणारे असतात. त्यामुळे सुरक्षेची यंत्रं बनवणाऱ्या कंपन्या म्हणू लागल्या की आमचं मशीन एकदा चुकलं तर आम्ही कायमचे बुडू, त्यापेक्षा विकतच नाही.

आपल्याकडचं उदाहरण घेऊन बघू. समजा, तुमच्या कॉलेजच्या दोन इंजिनीअर सीनियर्सनी वालीवच्या एका गाळ्यात बॅग स्कॅनर बनवायला घेतला. पहिली ऑर्डर २० लाखांची. पुढे हल्ला झाला, स्कॅनरने बॅग सोडून दिली, आणि २०० कोटींचे दावे दाखल झाले. त्यांच्याकडे २०० कोटी नाहीत. गाळासुद्धा भाड्याचा. इतक्या मोठ्या आणि अनिश्चित जोखमीचा विमा कुठलीच कंपनी देणार नाही. मग ते काय करतील? स्कॅनर सोडून मिक्सर बनवतील.

यावर अमेरिकी संसदेने २००२मध्ये एक कायदा केला. त्याच्या लांबलचक नावाची आद्याक्षरं जुळवली की 'सेफ्टी' होतं, म्हणून तो 'सेफ्टी अॅक्ट' म्हणून ओळखला जातो. तो एक सौदा आहे. विक्रेत्याने आपलं यंत्र किंवा सेवा सरकारच्या होमलँड सिक्युरिटी खात्याकडे तपासायला द्यायची. खात्याला ती उपयोगी आणि भरवशाची वाटली, की खातं सांगणार अमुक रकमेचा लायबिलिटी विमा काढा. लायबिलिटी विमा म्हणजे आपल्यामुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याला द्यायच्या भरपाईचा विमा. तुमच्या बाइकचा थर्ड पार्टी इन्शुरन्स असतो ना, त्याच जातीचा. ही रक्कम बाजारात वाजवी अटींवर मिळण्यासारखी हवी आणि तिच्यामुळे यंत्राची किंमत भलतीच वाढता कामा नये, हेही कायद्यातच आहे.

बदल्यात विक्रेत्याला काय मिळतं? दहशतवादी हल्ल्यानंतर त्याच्यावर किती का दावे होईनात, त्याला विम्याच्या रकमेपेक्षा जास्त द्यावं लागत नाही. शिक्षा म्हणून लावली जाणारी जादा भरपाई माफ. खटला भरायचा तर फक्त विक्रेत्यावर, ते यंत्र विकत घेणाऱ्यावर नाही. आणि मान्यतेची वरची पायरी गाठलेल्या विक्रेत्याला जवळजवळ पूर्ण कवच मिळतं, फक्त त्याने सरकारला माहिती देताना लबाडी केलेली नसावी.

वालीवच्या उदाहरणात हे बसवून बघा. विमा १० कोटींचा असेल तर दावे २०० कोटींचे असले तरी कंपनीची जबाबदारी १० कोटींवर संपली. सीनियर्स वाचले, स्कॅनर बाजारात आला. उरलेले १९० कोटी कुठे गेले? ते ज्यांचं माणूस गेलं, त्यांच्या वाट्याचे होते. या कायद्याचं गोड आणि कडू दोन्ही या एका आकड्यात आहे.

कडू बाजू अमेरिकेने २०१८मध्ये पाहिली. १ ऑक्टोबर २०१७ला लास वेगासमध्ये एका माणसाने हॉटेलच्या खिडकीतून खालच्या संगीत महोत्सवावर गोळ्या झाडल्या. हॉटेल एमजीएम कंपनीचं होतं. महोत्सवाची सुरक्षा पाहणाऱ्या कंपनीला या कायद्याखालची मान्यता होती. त्या आधारावर एमजीएमने हजारहून जास्त पीडितांविरुद्धच कोर्टात धाव घेतली, की आमची जबाबदारी नाही असं जाहीर करा. गोळ्या खाल्लेल्या माणसांच्या घरी कोर्टाचे कागद! लोक भडकले. शेवटी सुमारे ८० कोटी डॉलरची तडजोड झाली आणि त्यातले बहुतेक पैसे विमा कंपन्यांकडून आले. कायदा तिथे लागू होतो का, याचा निकाल लागलाच नाही.

मग विमा कशाला हवा?

मर्यादा घालणं अन्यायाचं वाटत असेल, तर विमा सक्तीचा करण्याचा फायदा काय? फायदा पैशाइतकाच तपासणीचा आहे. ज्याला उद्या भरपाई द्यायची आहे, तो आज प्रश्न विचारतो. चाचणीचा अहवाल कुठेय? किती बॅगांमागे किती चुका? देखभाल कोण करणार? उत्तरं कच्ची असतील तर प्रीमियम वाढतो किंवा पॉलिसीच मिळत नाही.

असे प्रश्न कुणी विचारले नाहीत तर काय होतं, त्याची गोष्ट बगदादमध्ये घडली. एका ब्रिटिश व्यावसायिकाने, जेम्स मॅकॉर्मिकने, 'एडीई ६५१' नावाचं बॉम्बशोधक यंत्र इराकला हजारोंच्या संख्येने विकलं. एक मूठ आणि तिच्यावर फिरणारी अँटेना. आत काम करणारं काहीच नव्हतं. हरवलेले गोल्फचे चेंडू शोधून देण्याच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या एका गमतीच्या खेळण्यावरून ते बनवलं होतं. नाक्यानाक्यावर सैनिक ते हातात धरून गाड्या तपासत होते आणि बॉम्ब भरलेल्या गाड्या आरामात पुढे जात होत्या. २०१३मध्ये मॅकॉर्मिकला लंडनमध्ये १० वर्षांची शिक्षा झाली. पुढचं आणखी वाईट आहे. शिक्षा झाल्यावरही ती यंत्रं नाक्यांवर वापरात राहिली. जुलै २०१६मध्ये बगदादच्या कर्रादा भागात भीषण स्फोट झाला, तेव्हा कुठे पंतप्रधानांनी ती काढून घ्यायचा आदेश दिला.

ही फसवणूक होती आणि फसवणुकीला तुरुंग आहेच. पण तुरुंगामुळे मेलेल्या माणसाच्या घरी पैसे येत नाहीत. आणि एका साध्या विमा कंपनीने जरी पॉलिसी देण्याआधी ते यंत्र उघडून बघितलं असतं, तरी ती गोष्ट तिथेच संपली असती, असं मला वाटतं.

आपल्याकडे काय आहे?

भारतात 'सेफ्टी अॅक्ट'सारखा कायदा नाही. सुट्टे तुकडे आहेत.

पहिला तुकडा आपल्या मुंबईतच आहे. ९/११नंतर जगातल्या पुनर्विमा कंपन्यांनी, म्हणजे विमा कंपन्यांचा विमा काढणाऱ्यांनी, दहशतवादाची जोखीम घ्यायला नकार दिला. कारण सरळ आहे. वर्षाला किती बाइक पडतील याचा अंदाज बांधता येतो, किती बॉम्ब फुटतील याचा येत नाही. म्हणून एप्रिल २००२मध्ये भारतातल्या विमा कंपन्यांनी एकत्र येऊन दहशतवादाच्या जोखमीसाठी सामायिक पूल केला. त्याचा कारभार 'जीआयसी री' पाहते. भिशी आठवा: सगळ्यांनी थोडं थोडं टाकायचं आणि ज्याच्यावर वेळ येईल त्याला द्यायचं. २६/११नंतर ताज आणि ट्रायडंट-ओबेरॉयचे दावे याच पुलातून भागवले गेले. पण हा पूल मुख्यतः इमारती, कारखाने अशा मालमत्तेसाठी आहे. विक्रेत्याच्या चुकीसाठी नाही.

दुसरा तुकडा २०१९चा ग्राहक संरक्षण कायदा. त्यात 'उत्पादन दायित्व' असं वेगळं प्रकरणच आहे. सदोष वस्तूमुळे इजा झाली तर बनवणारा आणि विकणारा दोघांना जबाबदार धरता येतं. ऐकायला झकास. पण मॉलची चौकट विकत घेतली मॉलने, तीही धंद्यासाठी. तुम्ही तिच्यातून फक्त चालत गेलात. तुम्ही त्या चौकटीचे 'ग्राहक' ठरता का, इथूनच वाद सुरू होणार. आणि समोरचा वकील म्हणणार, नुकसान बॉम्बने केलं, चौकटीने नाही.

तिसरा तुकडा आपल्या जिल्ह्याशी जोडलेला आहे. पालघर जिल्ह्यात तारापूरला अणुवीज केंद्र आहे. तिथल्या पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९पासूनच्या, अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकने पुरवलेल्या. यंत्र पुरवणाऱ्याची जबाबदारी किती, हा प्रश्न आपल्या संसदेने अणुऊर्जेच्याच बाबतीत सगळ्यांत गंभीरपणे हाताळला. २०१०च्या अणुदायित्व कायद्यात केंद्र चालवणाऱ्याची जबाबदारी १५०० कोटींपर्यंत ठरवली. शिवाय भोपाळची जखम ताजी होती, म्हणून सदोष यंत्र पुरवणाऱ्याकडून पैसे वसूल करायचा हक्कही चालवणाऱ्याला दिला. परदेशी कंपन्या बिचकल्या. जैतापूरच्या चर्चेतही हा मुद्दा पुन्हा पुन्हा आला. मग २०१५मध्ये 'जीआयसी री'च्याच पुढाकाराने १५०० कोटींचा अणुविमा पूल झाला, आणि त्यात पुरवठादारांसाठीही पॉलिसी होती. नीट वाचा: धोकादायक यंत्र पुरवणाऱ्याला विम्याच्या चौकटीत आणणं भारतात जमतं, हे आपण करून दाखवलंय.

पण त्याच कायद्यात एक अपवादही होता. नुकसान दहशतवादी कृत्यामुळे झालं तर चालवणारा सुटला, जबाबदारी केंद्र सरकारची. आणि डिसेंबर २०२५मध्ये संसदेने अणुऊर्जेसाठी नवा 'शांती' कायदा केला, तेव्हा सदोष यंत्राबद्दल पुरवठादाराकडून थेट वसुली करण्याचा तो हक्कही गेला. आता करारात लिहिलं असेल तर, किंवा कुणी मुद्दाम नुकसान केलं असेल तरच वसुली. गुंतवणूक येण्यासाठी हे गरजेचं होतं असं सरकार म्हणतं. असेलही. पण दिशा ओळखा. अमेरिकेने विक्रेत्याला सूट दिली ती तपासणी आणि विमा मागून. आपल्याकडे सूट मिळते तेव्हा बदल्यात काय मागितलं, हे विचारायची सवयच नाही.

माझं मत

मला अमेरिकेचा कायदा जसाच्या तसा नको. विक्रेत्याला मर्यादा द्यायची तर वरची रक्कम कोण भरणार, तेही त्याच कागदावर हवं. नाहीतर ती मर्यादा म्हणजे पीडिताच्या खिशातून काढलेली सवलत. पण स्टेशन, मॉल, देवस्थान, परीक्षा केंद्र, जिथे जिथे सुरक्षेचं यंत्र बसतं, तिथे विक्रेत्याकडे स्वतंत्र चाचणीचा दाखला आणि लायबिलिटी विमा असलाच पाहिजे. बाइकला थर्ड पार्टी इन्शुरन्स सक्तीचा आहे. हजारो लोकांच्या जिवाची हमी देऊन विकलेल्या मशीनला का नको?

आणखी एक गोष्ट. मशीन दोन प्रकारे चुकतं. कधी बॉम्ब सोडून देतं, कधी निरपराध पोराला पकडतं. चेहरा ओळखणारे कॅमेरे येतायत, तेव्हा हा दुसरा प्रकार आपल्या वयाच्या मुलांना जास्त भोवणार आहे. अमेरिकेचा कायदा फक्त हल्ल्यानंतरच्या दाव्यांचा विचार करतो. चुकून स्टेशनात दोन तास बसवून ठेवलेल्या मुलाचा परीक्षेचा पेपर बुडाला, तर तो त्यात नाही. आपण नियम करू तेव्हा त्याचाही विचार हवा.

तोवर तुम्ही काय करू शकता? मॉल खासगी आहे, पण स्टेशन आणि पालिकेच्या इमारती सार्वजनिक आहेत. तिथे माहितीचा अधिकार चालतो. १० रुपये फी, उत्तराची मुदत ३० दिवस. तीन प्रश्न विचारा. या इमारतीतल्या सुरक्षा यंत्रांची शेवटची चाचणी कधी झाली? देखभालीचा करार कुणाशी आणि कधीपर्यंत आहे? यंत्र निकामी ठरलं तर विक्रेत्याची जबाबदारी किती रुपयांची, आणि तिचा विमा आहे का? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं तर मला जरूर कळवा. मीही अर्ज टाकला आहे.

आणि हो, मोबाइलवर पास काढत असाल तर त्याचा एक स्क्रीनशॉट घरच्या कुणाला तरी पाठवून ठेवा. बाबांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी मान डोलावली, आणि कागदी पास पुन्हा वरच्या खिशात ठेवला.